तिसऱ्यांदा विचारल्यावर

परमेश्वरानं या पृथ्वीवर आजवर येशूची सुवार्ता सांगणारे जितके सुवार्तिक पाठवले, त्यांतला सर्वांत निरुपयोगी सुवार्तिक धारूरच्या अलीकडे, आमच्या गावच्या दूध सोसायटीत सेक्रेटरी म्हणून काम करत होता. हे माझं मत मी लग्न होऊन त्या गावात आले, त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तुमच्या आजोबांना ऐकवलं होतं. तेही सेक्रेटरींच्या समोर, इंग्रजीत, म्हणजे त्यांना कळू नये म्हणून. त्यांना ते शब्दन्‌शब्द कळलं होतं, हे मला पुढं अकरा वर्षांनी समजलं. तोवर मी त्यांच्या घरी काही नाही तरी दोनशे वेळा चहा प्यायले असेन.

त्यांना सगळेच सेक्रेटरी म्हणत. गाव म्हणे, तुमचे आजोबा म्हणत, आणि त्यांची बायकोसुद्धा भाकरी वाढताना ‘सेक्रेटरी, अजून अर्धी?’ असं विचारी. त्यावर सेक्रेटरी गप्प. ती पुन्हा विचारी. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा विचारलं की ताट पुढं सरकायचं. पहिल्या भेटीत मला वाटलं, गृहस्थ कानानं अधू आहेत, म्हणून मी मोठ्यानं आणि एकेक शब्द तोडून बोलू लागले. ते काही बोलले नाहीत. नंतर कळलं की कान उत्तम आहेत, हा त्यांचा नियम आहे. कुठल्याही प्रश्नाला तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. एस.टी.चे कंडक्टर हा नियम जाणून होते. ते गर्दीतही ‘कुठं, कुठं, कुठं’ असं एका दमात विचारून मोकळे होत. लग्नाच्या वेळी तर म्हणे पाळकांनी ‘हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस काय?’ असं दोनदा विचारलं तरी नवरदेव स्वस्थ उभे. सासरे बाकावरून उठले होते. पाळकांचा आवाज कापायला लागला तेव्हा कुठं तिसऱ्या वेळेला ‘होय’ आलं. हा किस्सा त्यांच्या बायकोनंच मला सांगितला आणि वर म्हणाली, ‘त्या तीन मिन्टांत माझं आर्धं आयुष्य गेलं, बाई.’

सेक्रेटरींची दुसरी खोड म्हणजे लॅक्टोमीटर, दुधात पाणी किती हे सांगणारी ती काचेची नळी. इतर लोक खिशाला पेन लावतात तशी ते ती लावत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा होईपर्यंत त्यांनी माझ्या दुधाच्या पातेल्यात नळी सोडली, डोळे बारीक करून पाहिलं, आणि काही न बोलता नळी धोतराला पुसून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गवळ्याचं दूध सुधारलं. गवळ्याला ते काय बोलले, मला माहीत नाही. बहुधा काहीच नाही. कुणाचं चुकलं की ते चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसत. तो चष्मा पुसून होईस्तोवर समोरचा माणूस आपण होऊन चूक कबूल करायचा.

आता माझ्याविषयी. तुम्हाला माहीत असलेली आजी डब्यांवर चिठ्ठ्या लावते आणि चमचे उंचीनुसार ठेवते. ती तेव्हाही तशीच होती, फक्त तेव्हा ती माणसांनाही चिठ्ठ्या लावायची. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, बी.ए. झालेली, आणि तुमचे आजोबा जनावरांचे सरकारी डॉक्टर. गावात ख्रिस्ती घरं तीन: आमचं, सेक्रेटरींचं आणि एका निवृत्त नर्सबाईंचं. उरलेल्या गावाला तारणाची गरज आहे हे मी आल्या आल्या ठरवून टाकलं आणि त्यासाठी एक वही आखली. चार रकाने केले: नाव, तारीख, काय सांगितलं, काय फळ आलं. पहिले तीन भराभर भरत. चौथा कोरा. ही वही मी मोठ्या अभिमानानं सेक्रेटरींना दाखवली. त्यांनी ती दुधाच्या नोंदवहीसारखी शेवटच्या पानापासून चाळली आणि म्हणाले, ‘झ्याक हाय. फॅट कुठं लिवता?’

मग मी त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं. रोज दोन वेळा अख्खं गाव तुमच्या दारात रांग लावतं, तुम्ही कुणाला प्रभूविषयी काही सांगत का नाही? पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मला तीनदा विचारावं लागलं. तेव्हा ते म्हणाले, ‘बाई, पयल्यांदा माणूस रीत म्हणून इचारतंय. दुसऱ्यांदा रिकामं हाय म्हणून इचारतंय. तिसऱ्यांदा इचारलं की समजायचं, त्याला खरंच पायजे. तवा सांगायचं. आन्‌ थोडं सांगायचं.’ त्या संध्याकाळीच मी ते इंग्रजी वाक्य बोलले.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. विहिरींचे तळ दिसू लागले. धडधाकट माणसं ऊसतोडीला आधीच गेली होती, मागं उरले म्हातारे आणि जनावरं. सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. कारखान्याकडून ट्रकनं उसाचं वाढं यायचं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. रोज सकाळी प्रत्येक जनावरामागं एक पेंढी मिळायची. धनी लोक तिथंच, आपापल्या जनावरांपाशी गोणपाट अंथरून राहत. तुमचे आजोबा तपासायला जात, सेक्रेटरी व्यवस्था पाहत, आणि मी पहिल्याच दिवशी पाहिलं की जनावरं खुंटाला बांधलेली आहेत आणि माणसं जनावरांना. श्रोते उठून जाण्याची भीती नाही. लाज वाटते, पण मला अगदी हेच वाटलं.

माझ्याकडे पत्रकांचं एक खोकं होतं. गुलाबी, पातळ कागद. वर ठळक अक्षरांत छापलेलं: ‘आजच निर्णय घ्या. उद्या उशीर होईल.’ ती एकेकाला वाटण्यात वेळ जातो आणि कुणी सुटण्याचा संभव असतो, म्हणून एका सकाळी मी लवकर जाऊन, कुणालाही न विचारता, प्रत्येक पेंढीत एक याप्रमाणे पत्रकं खोचली. काम इतकं नीटनेटकं झालं की मी घरी येऊन दुसऱ्यांदा चहा केला.

निम्मी पत्रकं जनावरांनी खाल्ली. पाखऱ्या नावाच्या एका बैलाला ती इतकी आवडली की तो शेजारच्यांच्या पेंढ्यांतलीही ओढू लागला. उरलेली माणसांच्या हाती लागली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली. चाऱ्यात आलेला कागद, त्यावर आजच निर्णय घ्या, उद्या उशीर होईल. शिवाय डॉक्टरीणबाईंच्या वहीत सगळ्यांची नावं लिहिलेली, हेही कुणाला तरी आठवलं. दुपारपर्यंत माळावर एकच अर्थ झाला होता: आज बाटलं तर उद्या चारा.

तुमचे आजोबा मला घेऊन तिथं पोचले तेव्हा लोक दावी सोडत होते. छावणीतून निघालेलं जनावर त्या दिवसांत एकाच ठिकाणी जात होतं, बाजारात. तिथले व्यापारी कातड्याच्या हिशेबानं भाव करत. सर्वांत पुढं कौसाबाई होत्या, साठीच्या, काटक, एका हातात पाखऱ्याचं आणि दुसऱ्या हातात हरण्याचं दावं. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. ते परत येईपर्यंत जोडी जगवायची, एवढं एकच काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि थांबल्या. ‘बाई,’ त्या म्हणाल्या, ‘माझं काय बी करा, मी पिकलं पान हाय. पर बैल पोराचे हाईत. त्यास्नी किरिस्ताव करू नगा.’

कुणी हसलं नाही. मीही नाही.

सेक्रेटरी फाटकापाशी उकिडवे बसून चष्मा पुसत होते. मी त्यांना सांगितलं की आपण ताबडतोब एक लेखी खुलासा काढू, मुद्देसूद, क्रमांक घालून. त्यांनी वर पाहिलं. ‘आजून कागुद?’ एवढंच म्हणाले. मग मी विचारलं, मी काय करू? ते चष्मा पुसत राहिले. पुन्हा विचारलं. कौसाबाई फाटकाबाहेर निघाल्या होत्या, मागं वीसेक जनावरं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझा आवाज सेक्रेटरींचं लग्न लावणाऱ्या त्या पाळकांचाही कापला नसेल इतका कापत होता.

‘चुकलं म्हना,’ सेक्रेटरी म्हणाले. ‘मंग वाढं वाटा.’

मी बी.ए.ला वक्तृत्वाचं बक्षीस मिळवलेली बाई. फाटकात उभी राहून मला तीन वाक्यं जमली. माझं चुकलं. चाऱ्याला कसलीही अट नव्हती आणि नाही. तुमची नावं मी तुम्हाला न विचारता लिहिली. आणि पिशवीतून वही काढून पुढं धरली, तिचं काय करायचं हे न कळून.

कौसाबाई परत फिरल्या. वही घेतली, उलटीसुलटी पाहिली. ‘ह्यात माझं नाव कोन्तं?’ मी बोट ठेवलं. त्यांनी ते पान फाडलं आणि पाखऱ्याच्या तोंडापुढं धरलं. पाखऱ्यानं ते सावकाश, डोळे मिटून खाल्लं. मागून एक म्हातारा म्हणाला, ‘आमचं बी पान फाडा की, आमची म्हैस काय उपाशी मरंल?’ आणि मग माळावर जे हसू फुटलं त्यात दावी पुन्हा खुंटांना बांधली गेली. माझी वही पुठ्ठ्यासकट संपली. चौथ्या रकान्यात काही तरी फळ आलं, म्हणायचं ते एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज वाढं वाटायला जाऊ लागले. उसाच्या पात्याला करवतीसारखी धार असते, हे इंग्रजी शाळेत शिकवत नाहीत. हात कोपरापर्यंत ओरबाडले. पंधराएक दिवसांनी कौसाबाईंनी विचारलं, ‘बाई, तुमी रोज कावून येता?’ मी तोंड उघडलं, आत चारही शुभवर्तमानं तयार होती. पलीकडून सेक्रेटरी खोकले. ‘डॉक्टरांच्या जीपमध्ये जागा असते म्हणून,’ मी म्हणाले. आणखी महिन्यानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, घरी करमत नाही. ही दोन उत्तरं देताना मला जितका त्रास झाला तितका तुमच्या आईच्या जन्माच्या वेळीही झाला नाही.

पुढं पाऊस झाला, माळ पोपटी झाला आणि छावणी उठली. कौसाबाईंचा मुलगा परतला होता. तो जोडी घेऊन पुढं निघाला. पाखऱ्या बरगड्या दाखवत, पण स्वतःच्या पायांनी चालत होता. कौसाबाई गोणपाटाची घडी घालून माझ्यापाशी आल्या. ‘आता तरी खरं सांगा, बाई. कावून येत होतात?’

मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते आभाळ बघत होते. माझी सगळी वचनं, सगळे मुद्दे कुठं गेले कोण जाणे. मी म्हणाले, ‘मी चुकले तेव्हा तुम्ही मला हाकललं नाहीत. त्याच्याही आधी येशूनं मला असंच हाकललं नव्हतं. तो जवळ असला की मला नुसतं घरी बसवत नाही.’

कौसाबाईंनी थोडा विचार केला. ‘येवढंच व्हय? मंग हे पयल्या दिशीच सांगायचं. त्ये कागुद कशापायी लावले?’ आणि खाली बसून म्हणाल्या, ‘आता माझं ऐका.’ मग तासभर त्यांनी मला कपिलधारच्या यात्रेचं सांगितलं. त्या तिथं पायी कशा जातात, धबधब्याखाली उभं राहिलं की काय होतं, मुलगा आजारी असताना त्या तिथं काय मागून आल्या आणि देवानं ते कसं ऐकलं. सांगताना त्यांचे डोळे भरले, आणि ऐकताना माझेही. इतक्या वर्षांत कुणाचं असं ऐकून घ्यायचं असतं, हे मला सुचलं नव्हतं. माझ्या वहीत तो रकानाच नव्हता. जाताना म्हणाल्या, ‘तुमच्या येसूबाबाला माझा नमस्कार सांगा.’ मी त्या रात्रीच्या प्रार्थनेत सांगितला. कौसाबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. दर संक्रांतीला मात्र तिळगूळ घेऊन त्या आमच्याकडे आधी येत, मग नातेवाइकांकडे.

सेक्रेटरी आजारी पडले तेव्हा तुमची आई शाळेत जाऊ लागली होती. मी भेटायला गेले. खाटेवर पडल्या पडल्याही लॅक्टोमीटर खिशाला होता. मला खूप दिवसांपासून एक विचारायचं होतं. मी म्हणाले, ‘सेक्रेटरी, तुम्हाला कधी कुणी तिसऱ्यांदा विचारलं का हो? प्रभूविषयी?’ ते नुसते हसले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी चष्मा काढला, सोग्यानं पुसला आणि अगदी स्वच्छ इंग्रजीत माझं अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य मला परत केलं: ‘द मोस्ट युसलेस इव्हँजेलिस्ट ऑन अर्थ.’ मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. ते मात्र मजेत होते. तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली आणि दुधाच्या भावावर बोलणं गेलं. तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं. चार दिवसांनी ते गेले.

त्या सकाळी सोसायटीनं दूध घेतलं, कारण म्हशी कुणासाठी थांबत नाहीत, आणि मग माणसं तशीच कॅन घेऊन आमच्या पत्र्याच्या छोट्या चर्चकडे आली. आत जागा तीस जणांची. बाहेर ओळीनं कॅन आणि त्यांच्यामागं गाव. आतली प्रार्थना सुरू झाली तेव्हा कुणी न सांगता बाहेरच्या सगळ्यांनी पटके उतरवले. कौसाबाई डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांतल्या किती जणांनी, कधी, दुधाच्या रांगेत सगळ्यांत मागं राहून तिसऱ्यांदा विचारलं होतं, ते मला कधीच कळणार नाही. ती वही कुणी ठेवली नव्हती.

बाळांनो, गेल्या नाताळाला फोनवर तुम्ही मला विचारलंत, आजी, गुडघे दुखतात तरी तू दर रविवारी कशाला जातेस? मी म्हणाले, रिक्षा स्वस्त आहे. इस्टरला पुन्हा विचारलंत. मी म्हणाले, तेवढंच पाय मोकळे होतात. दोनदा झालं. मोजते आहे, जुनी सवय. घाई काही नाही. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असते.