पोर्तुगालची मुक्कामी गाडी

माझे भावोजी काशीराम मयेकर यांनी तेहतीस वर्षं रत्नागिरीच्या एसटी स्टँडवरून लोकांना गावोगाव पाठवलं आणि स्वतः मात्र कुठंही गेले नाहीत. ते वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसायचे, पुढ्यात माइक, हाताशी रजिस्टर आणि कानावर पेन. 'दापोलीला जाणारी गाडी फलाटावर लागली आहे' हे वाक्य त्यांनी किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे, पण माझ्या ताईला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, त्यांनी दापोली दाखवली नाही. गणपतीत जादा गाड्या, शिमग्यात जादा गाड्या, मे महिन्यात चाकरमान्यांची झुंबड. नोकरीत कुटुंबासाठी फुकट प्रवासाचा पास मिळायचा, तो दरवर्षी कपाटात पडून मुदत संपून जायचा. ताईने कधी विषय काढलाच तर उत्तर ठरलेलं, "पुढल्या वर्षी." मी मेहुणी, मला बोलायचा हक्क आहे, म्हणून सांगते. या माणसाचा मला बरीच वर्षं राग होता.

ताईचं नाव विमला. आमचं माहेर काळबादेवीचं, किनाऱ्यावरचं. मी लग्न होऊनही त्याच गावात राहिले, ताई मात्र लग्नानंतर रत्नागिरी शहरात, नाचणे नावाच्या भागात राहायला गेली. तिचा मुलगा अनिल मालवाहू जहाजावर असतो. तीन वर्षांपूर्वी त्याने तिला मोबाइलवर एक फोटो पाठवला. पोर्तुगालातलं नाझारे नावाचं गाव, समुद्राला लागून. वाळूत लाकडी चौकटी उभ्या केलेल्या, त्यांच्यावर जाळी ताणलेली, आणि जाळीवर मधोमध चिरून उघडलेली मासळी उन्हात पसरलेली. बाजूला डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी खुर्चीत बसली होती.

हा फोटो ताई मला पाठवू शकली असती. पण ती भरदुपारी रिक्षा करून काळबादेवीला आली आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

"बग," म्हणाली. "आये बसलेय."

खरंच आई बसली होती. म्हणजे नाक-डोळे वेगळे, कपडे वेगळे, पण बसणं तेच. मासळी राखणारी बाई कशी बसते ते आम्हाला कुणी शिकवायला नको. अंग सैल, पण मान कावळ्याकडे. आई जाऊन वीस वर्षं झाली, पण त्या दिवशी आम्ही दोघी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहत रडलो.

"मला तिथं जाऊन त्या बायच्या बाजूला बसायचंय गो," ताई म्हणाली.

"बसून बोलणार काय तिच्याशी?"

"बोलायचं कशाला? कावळे हाकवीन."

एवढंच मागणं होतं तिचं. एक गाव, एक किनारा, एक दिवस. अनिल म्हणाला, "आई, तुम्ही दोघांनी फक्त ठरवा, बाकी मी बघतो." आणि ठरवायचं काम, अर्थातच, भावोजींकडे गेलं.

भावोजी तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. स्टँड सुटल्यापासून घरात हरवल्यासारखे फिरायचे, पंख्याचं बटण दाबतानासुद्धा घड्याळ बघायचे. पोर्तुगालचं नाव निघालं आणि त्यांना पुन्हा ड्युटी मिळाली. दुसऱ्याच दिवशी पुठ्ठ्याच्या बांधणीचं लांबलचक रजिस्टर आणलं, पट्टीने रकाने आखले. गाव, आगमन, प्रस्थान, शेरा. मोबाइलवर तिथल्या गाड्यांची वेळापत्रकं उघडून ते तासन् तास उतरवून घेत. नाझारेला जायचं तर लिस्बनला उतरायचं, लिस्बनला उतरलोच तर सिंत्रा का सोडा, सिंत्रा केलं तर एव्होराने काय पाप केलंय? असं करत करत वर्षभरात अकरा गावं झाली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "मेहुणीबाय, नियोजन म्हणतात ह्याला."

पण एक कबूल करायला हवं. संध्याकाळी ताईच्या घरच्या ओट्यावर बसून ते वाचायला लागले की माझं चिडणं विरघळून जायचं. माइकवर घासून घासून तयार झालेला त्यांचा आवाज, खर्जातला, जराही घाई नसलेला. "लिस्बनहून सुटणारी गाडी सात वाजून पंधरा मिनिटांनी नदी ओलांडेल. एव्होरापर्यंत दोन्ही बाजूंना बाटलीच्या बुचाची झाडं लागतील. डाव्या हाताच्या खिडकीत बसावं, ऊन येणार नाही." आम्ही दोघी भिंतीला टेकून डोळे मिटायचो. गाडी सुटायची. बुचाच्या झाडांतून जाताना मला काजूच्या बागा दिसायच्या, मग काजू मागे पडायचे आणि पांढऱ्या भिंतींची, निळ्या पट्ट्यांच्या घरांची गावं यायची. अंगणात संत्र्याची झाडं, चौकात कारंजं, कुठल्या तरी खिडकीत वाळत घातलेली चादर. "कोइंब्रा म्हणजे त्यांचा हातखंबा," भावोजी सांगायचे, "तिठाच तो. सगळ्या गाड्या तिथनं फुटतात." मग पोर्तोच्या स्टेशनात शिरायचो. तिथल्या भिंतींवर निळ्या फरश्यांची चित्रं, घोडे, लढाया, बाया. ताई तिथं नेहमी जरा जास्त थांबायची. आम्ही तिथं गेलेलो नाही हे मला ओट्यावरून उठताना आठवायचं, आणि दर वेळी थोडं वाईट वाटायचं.

एकदा भावोजी संडासाला गेले असताना मी रजिस्टर उघडून पाहिलं. अकरा गावांच्या त्या यादीत नवव्या ओळीवर नाझारे होतं. आगमन अकरा वीस, प्रस्थान बारा. शेरा: फोटो काढणे.

चाळीस मिनिटं! मी ताईला दाखवलं. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय." आणि आत जाऊन भाताचं बघायला लागली.

अडचण चाळीस मिनिटांचीच नव्हती. व्हिसासाठी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. अनिलने दोनदा तारीख घेतली, भावोजींनी दोनदा पुढे ढकलली. वेळापत्रक अजून पक्कं नाही म्हणे. यंदा तिसरी तारीख होती, मे महिन्यातली. ऑक्टोबरात अनिलचं जहाज लिस्बनला लागणार होतं, तिथंच तो उतरणार आणि आईबाबांना घेऊन फिरणार. पुढचं जहाज त्याला जगाच्या दुसऱ्या बाजूचं मिळालं होतं, त्यामुळे हा योग पुन्हा यायचा नव्हता. हे तिघांनाही माहीत होतं.

आणि तारखेला आठ दिवस उरले असताना घोडं अडलं.

भावोजींनी सातव्या ओळीवर डोंगरातलं एक लहानसं गाव घेतलं होतं. मोठमोठ्या दगडांच्या आधाराने बांधलेली घरं, शंभरएक माणसांची वस्ती. संध्याकाळी सहाची गाडी तिथं जाते हे त्यांनी वेळापत्रकात पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी पुढचं सगळं बसवलं: सहाच्या गाडीने वर जायचं, रात्र काढायची, पहाटे साडेपाचला त्याच गाडीने खाली उतरायचं आणि पुढली गाडी धरायची. पहाटेची गाडी वेळापत्रकात नव्हती. ती असणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आपल्याकडे शेवटची गाडी गावात मुक्कामी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या नाहीतर शाळेच्या पडवीत झोपतात, कुणाच्या तरी घरून भाकरी येते, आणि उजाडायच्या आत तीच गाडी कॉलेजची पोरं, दुखणाईत माणसं आणि भाजीच्या टोपल्या घेऊन तालुक्याला निघते. अशा किती मुक्कामी गाड्या भावोजींनी स्वतः लावल्या होत्या. संध्याकाळी गावात गेलेली गाडी सकाळी निघते, हे त्यांच्या लेखी सूर्यासारखं होतं.

अनिलने जहाजावरून व्हिडिओ कॉल केला. मी तेव्हा तिथंच होते.

"बाबा, मी चौकशी केली. सहाची गाडी तिथं थांबत नाही. माणसं उतरवून लगेच परत फिरते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गाडी नाही."

"असं कसं? ड्रायव्हर झोपतो कुठं मग?"

"आपल्या घरी."

"कुणाच्या घरी?"

"बाबा, स्वतःच्या घरी!"

भावोजींनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "मग रात्री कोण आजारी पडलं तर गाव काय करतं?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच काळजी वाटली होती. त्या वेळी मला या माणसाची पहिल्यांदा माया आली, नाही असं नाही.

पण पहाटेची गाडी गेली म्हणजे आठवं गाव गेलं, आठवं गेलं म्हणजे नववं, आणि पुढे पोर्तोचं आरक्षण. त्यांनी रजिस्टरात दोन तास डोकं घातलं, मग पेनाला टोपण लावून म्हणाले, "अनिलला सांग, तारीख रद्द कर. हे बसत नाय. पुढल्या वर्षी नीट करू."

ताई मोरीपाशी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"तुमी जल्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्यात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कधी एका तरी गाडीत मला बसवलात? मला तुमची अकरा गावं नकोत. तुमाला जायचंच नाय. लिवायचं फक्त. भीती वाटते तुमाला."

"कसली भीती?"

"गाडी सुटल्यावर आत काय करतात, ते तुमाला ठाऊक नाय."

चाळीस वर्षांत ताई नवऱ्याला एवढं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. भावोजींनी रजिस्टर मिटलं. ती चुकीचं बोलली असती तर त्यांनी लगेच सुधारलं असतं. त्या संध्याकाळी ताई पिशवीत दोन साड्या घालून माझ्याबरोबर काळबादेवीला आली. पावसाळ्याच्या बेगमीची मासळी सुकवायचे दिवस होतेच, ती दरवर्षी मदतीला येते, तेव्हा लोकांना सांगायला निमित्तही होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातच्या गाडीने भावोजी आले. हातात रजिस्टर नव्हतं. आम्ही किनाऱ्यावर खारवलेले बांगडे जाळ्यावर मांडत होतो. "या," मी म्हटलं, "चहा ठेवते." नको म्हणाले. माशांची एक रिकामी पेटी उलटी केली आणि ताईपासून दोन हातांवर बसले.

मला वाटलं, माफी मागतील नाहीतर भांडतील. दोन्ही केलं नाही. नुसते बसले. पहिला तासभर त्यांची फार चुळबुळ झाली. पाय हलवत, मागे रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मान वळवत. मग ऊन चढलं, ओहोटी लागली, ओल्या वाळूवर आभाळ उतरलं. ताईने काठी त्यांच्याकडे सरकवली. पहिला कावळा आला तेव्हा उठायला त्यांना उशीर झाला, कावळ्याने बांगडा नेला. दुसऱ्या वेळी ते वेळेत उठले. दुपारी मी जेवण तिथंच आणलं. ताईने मासळी पलटायला घेतली, तर तेही वाकून एकेक बांगडा उलटा करू लागले, आधी चुकीच्या बाजूने, मग बरोबर. उन्हाने समुद्र पांढरा झाला होता आणि कडेला बसलेली ती दोन माणसं मला मधूनच कुठल्या तरी लांबच्या गावातली, न ओळखीची वाटत होती. मी घरी जाऊन एक झोप काढून आले, तरी दोघं तिथंच. भावोजींच्या अंगाला मासळीचा वास लागला होता, टक्कल लालबुंद झालं होतं, आणि पाय हलायचे थांबले होते.

"काय करताय हो सकाळपासनं?" मला शेवटी राहवेना.

"बगतोय," ते म्हणाले, "दिवसभर बसायला जमतं काय ते."

ताईने ऐकलं. मान कावळ्यांकडेच होती, पण डोळे भरून आले होते, ते तिने पुसलेही नाहीत.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा आम्ही मासळी टोपल्यांत भरली. भावोजींनी शेवटची टोपली उचलून माझ्या डोक्यावर दिली, हात वाळूत घासले आणि ताईला म्हणाले, "अनिलला फोन लाव. तारीख रद्द करू नको, गुरुवारी ठसे द्यायला मुंबईला जातो म्हणावं. बाकीची गावं राहू देत. नाझारेला चार दिवस जमतील मला."

ताईने फोन लावला. पलीकडे घंटी वाजत असताना ती त्यांच्याकडे न बघता फोन पुढे करत म्हणाली, "पाच सांगा."

भावोजींनी पाच सांगितले.