अनोळखी पत्रातलं नाव

आमच्या जामसंड्याच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा तो बसवायला दुकानातून एक गृहस्थ आले होते. वायरी जोडून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, आता पासवर्ड टाका," आणि मान दुसरीकडे वळवली. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. पासवर्ड म्हणजे काय हे मला माहीत होतं, पण स्वतःचा असा कधी ठेवायची वेळ आली नव्हती. मी विचार करायला घेतला आणि तेवढ्यात बोटांनी एक नाव टाइप करून टाकलं. पुढे एक साल जोडलं. खाली आठ-दहा काळे ठिपके उमटले, आणि त्यांच्याआड ते नाव कुणालाच दिसेना. मला फार बरं वाटलं.

ते माझ्या मुलीचं नाव होतं. ती कणकवलीच्या हॉस्पिटलात जन्मली आणि तिसऱ्या दिवशी गेली. बारसं झालंच नाही, त्यामुळे लोकांच्या लेखी तिला नाव नव्हतं. मी मात्र पहिल्याच संध्याकाळी ठेवलं होतं, मनातल्या मनात. कुणाला सांगितलं नाही. देवापुढेसुद्धा कधी उच्चारलं नाही. पुढे मुलगा झाला, मोठा झाला, नोकरीला पुण्यात गेला. तिच्याबद्दल घरात कुणी बोललं नाही.

मग ते नाव मी सगळीकडे वापरायला लागले. ईमेल, बँक, विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, साड्यांची एक वेबसाइट, शाळेची माहिती भरायचं पोर्टल. दिवसातून दोनतीनदा तरी ते लिहायची. असं करू नये, एकच पासवर्ड सगळीकडे ठेवू नये, हे मी कितीदा ऐकलं होतं. पण माझ्यासाठी तो नुसता पासवर्ड नव्हता. जगात ते नाव लिहायला मला तेवढीच एक जागा होती.

गेल्या वर्षी एका दुपारी शाळेतून येऊन मी ईमेल उघडला. सगळ्यात वर एक नवं पत्र होतं. पाठवणारा अनोळखी. आणि विषयाच्या ओळीत तिचं नाव, पुढे तिचं साल.

मी खुर्ची मागे सरकवून उठले. का कोण जाणे, आधी स्वयंपाकघरात जाऊन बघून आले. घरात कुणी नव्हतं. परत येऊन उभ्याउभ्याच पत्र वाचलं. इंग्रजीत होतं, मला अडखळत वाचावं लागलं. मला तुझा पासवर्ड माहीत आहे, मी तुझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरलोय, कॅमेऱ्यातून किती दिवस तुला बघतोय, पैसे पाठव नाहीतर सगळ्यांना सांगेन, असा मजकूर. आमच्या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही. ते कळूनही मी पडद्यासमोरून बाजूला सरकले. माझ्या डोक्यात पैशांचा विचार आलाच नाही. एकच विचार होता, की हे नाव ह्याला कुणी सांगितलं?

त्यानंतरचे दोन दिवस मी कॉम्प्युटरवर चादर टाकून ठेवली. वर्गात मुलं पाढे म्हणत होती आणि मी हॉस्पिटलातली ती खोली आठवत होते. मी तापात काही बोलले होते का? तिथली एक वयस्क नर्स माझ्या उशाशी बसायची, तिने ऐकलं असेल का? झोपेत बडबडते का मी? घरी आले की हॉलमधून जाताना चादरीखालच्या त्या चौकोनाकडे पाठ करायला धजत नव्हते. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती, पण तिच्या जोडीला आणखी काहीतरी होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला नावाने ओळखत होतं.

तिसऱ्या दिवशी मी जवळच्या हायस्कूलमध्ये कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंना घरी बोलावलं. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, शांत स्वभावाच्या. त्यांनी चादर काढली, पत्र वाचलं आणि विचारलं, "बाई, हा पासवर्ड खरा आहे?"

"होय."

"आणखी कुठे कुठे वापरलात?"

"सगळीकडे."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "घाबरू नका. असं पत्र हजारो लोकांना जातं. कुठल्यातरी वेबसाइटवरून यादी चोरीला जाते, तिच्यात ईमेल आणि पासवर्ड असतात. मग एक यंत्र प्रत्येकाला त्याचा त्याचा पासवर्ड घालून तेच पत्र पाठवतं. ह्या माणसाला तुमच्याबद्दल काहीसुद्धा माहीत नाही."

"नावाबद्दलसुद्धा?"

"त्याच्यासाठी ती फक्त अक्षरं आहेत."

मी मान हलवली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण काहीतरी पुन्हा हातातून गेल्यासारखं वाटलं. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नाव कुणाचं ते विचारलं नाही. त्याबद्दल मी अजून त्यांची ऋणी आहे.

मग त्यांनी मला नीट बसवून शिकवलं. माणसाचं नाव नको, साल नको, वाढदिवस नको. एकमेकांशी संबंध नसलेले चारपाच शब्द घ्यायचे, त्यांचा लांबलचक पासवर्ड करायचा. प्रत्येक जागेला वेगळा. एवढे लक्षात राहणार नाहीत, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पासवर्डांची एक कुलूपबंद वही घालून दिली. तिचा एकच मोठा पासवर्ड मी पाठ करायचा. ईमेल उघडताना मोबाइलवर येणारा आकडाही टाकावा लागेल असं केलं. "बँक आणि ईमेल आत्ता माझ्यासमोर बदला, बाकीचे तुम्ही उद्या करा," म्हणाल्या. "आणि पत्राला उत्तर देऊ नका."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. यजमान दुकान उघडायला गेले. आमचं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे, ते रविवारी अर्धा दिवस चालतं. मी एका कागदावर बाकीच्या सगळ्या जागा लिहून काढल्या. चौदा झाल्या. पासवर्ड बदलायचा तर प्रत्येक ठिकाणी आधी जुना विचारतात, हे काल बाईंसमोर घाईत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे नाव काढून टाकण्यासाठी ते एकदा लिहायलाच हवं. लिहायचं, पुसायचं, पुढच्या जागी जायचं. आठव्या की नवव्या वेळी मला पडद्यावरचं दिसेनासं झालं.

यजमान जेवायला आले तेव्हा मी तशीच बसले होते. ते पत्र मी पुन्हा पडद्यावर उघडलं होतं.

"काय झाला गो?"

मी पडद्याकडे बोट केलं. त्यांनी चष्मा लावून वाकून वाचलं. "कोणाचा नाव ह्या?"

"आपल्या चेडवाचा."

ते बाजूच्या स्टुलावर बसले.

"माका कधी सांगूक नाय."

"तुमी कधी इचारूक नाय."

"होय," ते म्हणाले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "तेका खंय नेलंव, ता तूय कधी इचारूक नाय."

हेही खरं होतं. त्या दिवशी ते आणि माझे सासरे तिला कापडात गुंडाळून घेऊन गेले होते. मी हॉस्पिटलात पडून होते. तान्ह्या मुलांना पुरतात एवढं मला माहीत होतं. पुढचं मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला तिथे जावं लागलं असतं.

"खंय नेल्यात?"

"नांदगावाक. मामाच्या काजीत. हमरस्त्याच्या कडेक."

नांदगाव. मुलाकडे जायची गाडी आम्ही तिथूनच पकडतो. त्या रस्त्याने मी कितीतरी वेळा गेले असेन. आता आठवू लागले तर प्रत्येक वेळी एका वळणावर हे खिडकीकडे तोंड फिरवायचे, आणि मला वाटायचं ह्यांना बस लागते.

उरलेल्या जागांचे पासवर्ड मी संध्याकाळी बदलले. हे शेजारी स्टूल घेऊन बसले आणि शब्द सुचवत राहिले. कुठले ते सांगत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही बसने नांदगावला गेलो. ह्यांच्या मामांची काजूची बाग आता नाही. चौपदरी रस्ता झाला तेव्हा तिचा पुढचा भाग त्यात गेला. हे रस्त्याच्या कडेला थोडं पुढे चालले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. मी मागून चालत होते.

"हंयच खंयतरी," ते म्हणाले. "एक वाकडी काजी होती. आता सांगाक येवचा नाय."

समोर डांबर, मध्ये दुभाजकावर कण्हेरीची झाडं, पलीकडे पुन्हा डांबर. ट्रक जात होते. मला कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी कण्हेरीकडे बघत राहिले.

"नाव एकदा म्हण," ते म्हणाले. "माका नुसता वाचून ठावक."

मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. त्यांना ऐकू गेलं नाही, तेवढ्यात एक टँकर गेला. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

त्यांनी ते ओठांत दोनदा घोळवलं. मग त्या नावापुढे 'गो' लावून, अंगणात खेळणाऱ्या मुलीला घरात बोलवावं तशी एक हाक मारली, फार मोठ्याने नाही. आम्ही आणखी थोडा वेळ उभे राहिलो. ऊन चढलं होतं. मग ते म्हणाले, "चल, गाडी चुकतली," आणि आम्ही स्टँडकडे निघालो.