जत्रेला कोणत्या वारी निघायचं

मी अठरा वर्षांची होते आणि घरात मला एकटीलाच वाचता येत होतं. माणूस बिघडायला एवढं पुरतं. चौथीपर्यंत शिकलेली ती पोर आज माझ्या समोर आली, तर आधी तिच्या हातातलं पंचांग काढून घेईन आणि मग तिला परसात भांडी घासायला बसवीन. भांडी मात्र ती बरी घासायची.

पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझे सासरे त्याआधी शहराजवळच्या एका जागीरदाराकडं चाबुकस्वार होते. घोड्यांना चाल शिकवायची, हे त्यांचं काम. जागीर गेली, मालक हैदराबादला निघून गेला आणि तबेला एका सकाळीत रिकामा झाला. त्यात एक तांबडी घोडी होती. ती जन्मली तेव्हा मामंजींनी तिला आपल्या घोंगडीत पुसून घेतली होती. तिला ते लेक म्हणायचे. गोदावरीपलीकडच्या कुण्या पाटलानं ती नेली, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यानंतर मामंजी ओसरीवर बसून असायचे. रस्त्यानं टांगा गेला की मान न वळवता म्हणायचे, "मागचा डावा नाल ढिला झालाय." मला हसू यायचं. तोंडाला पदर लावून हसायचे, आणि वाटायचं, यांना काय कळतंय.

मग डोळे गेले. डावा काचबिंदूनं पुरता गेला आणि उजव्याला भर उन्हात तेवढं दिसायचं. डॉक्टर म्हणाला, हाही उन्हाळ्यापर्यंतच.

त्याच मार्गशीर्षात शेजारचे टांगेवाले चाचा सांगत आले. टांगा हाकायला ते मामंजींकडूनच शिकले होते, म्हणून उस्ताद म्हणायचे.

"उस्ताद, तुम्हारी लाल घोड़ी आरई इस साल! पैठण के पार, खंडोबा की जत्रा में. छट के दिन देव के सामने घोड़े नचाते, दौड़ाते. शाम कू सब अपने अपने गाँव."

मामंजी उभे राहिले. किती तरी महिन्यांनी ते कुणाचा हात न धरता उभे राहिलेले मी पाहिले.

"षष्ठीला? दिवसाच ना? उन्हात?"

"हौ, भर दुपार कू."

गिरणीत रजा मिळेना म्हणून ह्यांचं येणं जमणार नव्हतं. मामंजींना मी घेऊन जायचं ठरलं आणि बेत आखायचं कामही माझ्याकडं आलं. मी काय ऐटीत बसले होते! पुढ्यात पंचांग, बोटाला थुंकी. षष्ठी शुक्रवारी होती. म्हणजे गुरुवारी पैठणची मोटार धरायची, पैठणला धर्मशाळेत मुक्काम, सकाळी नावेनं नदी ओलांडायची आणि पुढं बैलगाडी.

पण फुलंब्रीची माझी थोरली बहीण जत्रेला येणार होती शनिवारी. तिच्याबरोबर बांगड्या भरायच्या, पाळण्यात बसायचं, सासरच्यांची यथेच्छ निंदा करायची, हे आमचं दिवाळीपासून ठरलेलं. षष्ठीही गाठायची आणि तिच्यासाठीही थांबायचं, तर दोन रात्री परमुलखात राहावं लागलं असतं, ते काही जमणारं नव्हतं. घोडी काय, एक दिवस थांबेल, पाटलाला एवढी कसली घाई, अशी मी मनाची समजूत घातली. चाचा काय म्हणाले ते मी नीट ऐकलं होतं, तरी घातली.

"मामंजी, गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल आहे, तिकडं निघू नये," मी म्हटलं. हे खरंच होतं. पैठण आमच्या दक्षिणेलाच.

"मग प्रस्थान ठेवू की," मामंजी म्हणाले. "बुधवारीच माझा फेटा चाचाच्या घरी नेऊन ठेव. म्हणजे निघाल्यासारखंच झालं. आम्ही घोडी घेऊन कूच करायचो तेव्हा असंच करायचो."

चाचांनी लगेच फेटा घ्यायला हात पुढं केला, "लाव, अभी देव फेटा."

तेव्हा मी पानावर बोट ठेवलं. ग्रहणाचं पान होतं ते. बोट न हलवता मी वाचल्यासारखं बोलले, "षष्ठीच्या यात्रेला प्रस्थान चालत नाही. असं छापलंय इथं."

"कैकू नक्को?" चाचा म्हणाले.

मामंजींनी हात पुढं केला, पानावरून बोटं फिरवली, जणू अक्षरं हाताला लागतील. मग हळूच म्हणाले, "छापलंय तर राहू दे, चाचा."

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो. जत्रा भरात होती, बांगड्यांच्या राहुट्या ओळीनं लागल्या होत्या. घोड्यांचं मैदान त्यांच्यामागं. तिथं खुंट्यांची भोकं होती, चारा विखुरलेला होता आणि एक बाई टोपलीत लीद गोळा करत होती.

"घोडी कालच गेली जी," ती म्हणाली. "काय नाचली ती तांबडी! असं कधी बघितलं नव्हतं."

मामंजी जरा मागं होते. ऐकू गेलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी मात्र गडबडले आणि पुन्हा हुशारी केली. मिठाईच्या दुकानामागं वरातीची एक म्हातारी घोडी बांधली होती. रंग तांबडा, बरगड्या मोजाव्यात अशा. मी मामंजींना हात धरून तिच्यापुढं नेलं.

"मामंजी, ही बघा तुमची लेक."

घोडीवाला तोंड उघडणार, तोच मी डोळे वटारले. मामंजी जवळ गेले. ऊन चांगलं होतं. त्यांनी मानेवरून हात फिरवला, खांद्यावरून, पुढच्या पायावरून खाली नेला आणि खूर उचलून तळव्यावर घेतला. बराच वेळ धरला. मग जपून खाली ठेवला, जसं कुणाचं तरी निजलेलं मूल ठेवावं.

"व्हय," ते म्हणाले. "हीच."

मी सुटले! त्यांना सावलीत बसवलं, बहिणीला गाठलं आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या. आंधळ्या म्हाताऱ्याला कसं गंडवलं ते तिला सांगून दोघी पाळण्यात हसलो. बहीण हसताना मधेच थांबली होती, हे मला फार नंतर आठवलं.

उजवा डोळा उन्हाळ्यापर्यंतही टिकला नाही. शिमग्याच्या आधीच गेला. त्यानंतर ते तीन वर्षं होते, आणि घोडीचं नाव त्यांनी काढलं नाही. टांगा गेला तरी नालाचं काही बोलायचे नाहीत.

ते गेल्यावर दहाव्याला चाचा आले, ओसरीवर बसले. मी म्हटलं, "बरं झालं चाचा, एकदा घोडी तरी भेटली त्यांना."

चाचा म्हणाले, "बहू, वो घोड़ी नहीं थी. उस्ताद कू हात लगाते ही मालूम हुआ. आके बोले मेरे कू, पोरीनं एवढ्या हौसेनं दाखवली, नाय कसं म्हणू? तू भी मत बोल."

एवढं ऐकून मी काय म्हणाले असेन? रडले असेन, पाया पडले असेन, असं तुम्हाला वाटेल. मी म्हणाले, "चाचा, चहा घेता?" आणि आत जाऊन चूल फुंकत बसले, ती चांगली पेटलेली असताना.