दुधासारखा थर

मी परीक्षानळ्या साबणानं घासल्या आणि विसळायचं विसरलो.

वसमतच्या एका गॅरेजमागची तेलकट माती आणून मी त्यातले जीवाणू वाढवले होते. त्यांच्या द्रवानं डिझेल आणि पाणी एकजीव झालं, तरच माझा पीएचडीचा विषय मंजूर होणार होता. नळ्या हलवल्या, तर सगळ्यांत दुधासारखा थर! मी ऐटीत मार्गदर्शक मॅडमना बोलावलं. त्यांनी नेमकी जीवाणू न घातलेली, नुसत्या डिझेल-पाण्याची नळी उचलली. तिच्यातही तोच थर.

"सर, यात कोण राबून राहिलं?" मॅडमनी मला खोचकपणे विचारलं.

"हवेतून शिरले असतील," मी छातीठोक सांगितलं.

मॅडमनी नळी हुंगली. "लिंबाच्या वासाचे?"

विषय लांबणीवर पडला. घरी बायको म्हणाली, "म्हणूनच मी तुमाला भांडी घासू देत न्हाई."