पहिल्या टचडाउनचा चेंडू

एका वाइड रिसीव्हरने मला फसवलं, आणि त्याला त्याच्या कोचने फसवलं. दोन्ही वेळा चेंडू एकच होता. तो चेंडू आज कोचच्या घरी आहे आणि तो त्याचा नाही.

मी तेव्हा अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभागात होतो. पुरवठादारांशी घासाघीस करायची आणि करारात एखादा शब्द असा घालायचा की समोरचा वर्षभर अडकून पडेल, हे माझं काम. ते मी चांगलं करायचो, आणि संध्याकाळी अपार्टमेंटच्या जिन्यावर बसून कुणी ऐकणारा मिळाला तर सांगायचोही. ही सवय पुढे महागात पडली.

आमच्या वरच्या मजल्यावर तेवीस वर्षांचा एक खेळाडू राहायचा. अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हरचं काम तसं सोपं असतं. मैदानाच्या कडेने जोरात धावायचं, लांबून फेकलेला चेंडू पकडायचा आणि पलीकडच्या टोकाची रेघ ओलांडायची. ओलांडली की टचडाउन. हा धावायचा उत्तम. पकडायच्या बाबतीत आनंद होता. त्यामुळे आधीचं अख्खं वर्ष त्याने सराव संघात काढलं होतं. म्हणजे आठवडाभर बाकीच्यांबरोबर घाम गाळायचा आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत कडेला उभं राहायचं.

२००४ च्या मे महिन्यात एका सकाळी त्याच्या हातून निसटलेला चेंडू माझ्या गाडीच्या आरशावर आदळला. आरसा फुटला नाही. मी मात्र तो फुटल्यासारखाच बोललो. माझं ओरडून झाल्यावर तो म्हणाला, "सॉरी, काका." हा शब्द त्याने माझ्या मुलीच्या मैत्रिणींकडून उचलला होता. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं, इथे मराठीत लिहितो आहे.

"सॉरी राहू दे," मी म्हणालो. "चेंडू हातात यायच्या आधीच तू पुढे बघतोस. कुठे पळायचं ते बघतोस. म्हणून सुटतो."

त्याने चेंडू उचलला. मग म्हणाला, "कोचही हेच ओरडतो. पण करायचं काय, ते कुणी सांगत नाही."

मला माहीत होतं. धुळ्याच्या मार्केट यार्डात मामाचा फळांचा गाळा होता आणि माझी दहावी ते डिप्लोमा ही सगळी वर्षं तिथे गेली. पपईचा ट्रक आला की हमाल वरून कागदात गुंडाळलेली एकेक पपई फेकायचा आणि मी खाली उभा राहून झेलायचो. पपई दाबली तर बोटं आत जातात. हात ताठ ठेवले तर फुटते. झेलायच्या आधी ढिगाकडे बघितलं तर पायावर पडते. हात पपईबरोबर खाली न्यायचे आणि ती छातीशी येईपर्यंत नजर हलवायची नाही. फुटलेल्या प्रत्येक पपईला मामा एक थप्पड द्यायचा. पहिल्या महिन्यात मी बऱ्याच खाल्ल्या.

आणि पपईचा आकार त्यांच्या चेंडूसारखाच असतो. देवाने काही गोष्टी सोप्या करून ठेवल्यात.

"शिकवतो," मी म्हणालो. "मला काय मिळणार?"

"तुम्हाला काय पाहिजे, काका?"

"तुझ्या पहिल्या टचडाउनचा चेंडू."

तो हसला. "तो आईला द्यायचा असतो."

"आईला दुसरा दे. दिसायला सारखाच असतो."

"मग तुम्हीच दुसरा घ्या ना."

"मी दुसरं काही घेत नाही."

त्याने हात पुढे केला. माझा हात त्याच्या हातात दिसेनासा झाला. व्यवहार पक्का झाला. लिहून मात्र काही घेतलं नाही. आयुष्यात मी न लिहिता केलेला हा पहिलाच करार.

ॲरिझोनात उन्हाळ्यात सात वाजल्यानंतर बाहेर कुणी काही शिकत नाही. आम्ही साडेपाचला सुरू करायचो. मेक्सिकन दुकानात मोठ्या पपया मिळायच्या. नरम पडलेल्या, कुणी घेत नसलेल्या, त्या मी शनिवारी भाव पाडून खोक्याने उचलायचो. मी जिन्याच्या वरच्या कठड्याशी, म्हणजे ट्रकवर. तो खाली पार्किंगमधून धावत यायचा. पहिल्या दिवशी बारातल्या अकरा फुटल्या. बारावी मी फेकली नाही, नाश्त्याला ठेवली.

"अहो, आज किती?" बायको खिडकीतून विचारायची. ती नागपूरची.

"नऊ."

"म्हणजे परत हलवा. लोणचं तेवढं करायचं राहिलंय पपईचं."

मॅनेजर बाईने दाराला नोटीस चिकटवली. मी तिच्याशी बोललो आणि रोज पाईपने पार्किंग धुवायचं कबूल केलं. धुवायचा तो. सूचना मी द्यायचो. धुऊन झालं की आम्ही जिन्यावर बसायचो आणि मी त्याला पुरवठादारांच्या गोष्टी सांगायचो. एकाला मी कसा बांधला, की पैसे द्यायची मुदत माल निघाल्यापासून नाही, पोचल्यापासून धरायची. तो फार लक्ष देऊन ऐकायचा. मला वाटलं, चांगला मुलगा आहे.

जूनच्या शेवटी फुटण्याचं प्रमाण उतरलं. एक दिवस बायकोने विचारलं तर मी म्हणालो, "एकही नाही."

"अगं बाई! मंडळाच्या पॉटलकच्या जेवणाला मी हलवा कबूल करून बसलेय. दोन-चार पाडायला सांगा ना त्याला."

जुलैत तो संघाच्या शिबिराला गेला. शिबिर संपलं की यादी लागते. यादीत नाव असलं तर संघात, नसलं तर घरी. तिथे चेंडू सुटला की माणूस सुटतो. त्याने शिबिरात किती चेंडू सोडले, हे मी विचारलं नाही. ऑगस्टमध्ये एका सामन्यात त्याने टचडाउन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीच्या पिशवीतून चेंडू आमच्या दारात आणून दिला. मी तो पुसला आणि शोकेसमध्ये माझ्या डिप्लोमाच्या शेजारी ठेवला. सप्टेंबरच्या सुरुवातीला यादी लागली. नाव होतं.

गणपतीला घरी वीसेक माणसं आली. त्यात पुण्याचे एक इंजिनिअर गृहस्थ होते, त्यांना या खेळातलं सगळं कळतं. मी चेंडू दाखवला. त्यांनी तारीख विचारली.

"ऑगस्ट? मग ही प्री-सीझनची मॅच. ती धरत नाहीत."

"धरत नाहीत म्हणजे?"

"मोजत नाहीत. रेकॉर्डवर त्याचा टचडाउन शून्य आहे. आपली नेट प्रॅक्टिस असते ना, तसं समजा. मोदक उत्तम झालेत, वहिनी."

आरती होईपर्यंत मी थांबलो. मग चेंडू काखेत घेऊन वर गेलो. तो पास्ता खात होता. मी बराच वेळ बोललो. तेवढ्यात त्याने पास्ता संपवला.

"काका, तुम्ही पहिला टचडाउन म्हणालात. माझा पहिला हाच. सीझनमधला पाहिजे, असं कुठे म्हणालात?"

"हे असलं बोलायला तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच. माल निघाल्यापासून नाही, पोचल्यापासून."

पस्तीस पुरवठादारांना मी त्या वर्षी ताळ्यावर आणलं होतं, आणि एका पोराने मला माझ्याच जिन्यावरच्या शिकवणीने कापलं. मी आवाज चढवला. खालून बायकोची हाक आली, "अहो, पाहुणे ऐकतायत!" शेवटी नवा करार झाला. ऑगस्टमधला सरावाचा चेंडू त्याला परत, आणि सीझनमधल्या पहिल्या टचडाउनचा चेंडू मला. मी तो चेंडू तिथेच त्याच्या टेबलावर ठेवला. माल हातात येण्याआधी हातातला माल सोडू नये, हे मी नव्या पोरांना ऑफिसात शिकवायचो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही टीव्ही बघत होतो. चेंडू उंच आला. त्याचे हात चेंडूबरोबर खाली गेले. बोटं दाबली नाहीत. चेंडू छातीशी येईपर्यंत मान हलली नाही, मगच त्याने पुढे बघितलं आणि पळाला. मामाने हे बघितलं असतं तर काही बोलला नसता. मामाकडून कौतुक तेवढंच मिळायचं.

मग तो कडेला गेला, रिसीव्हरांच्या कोचला त्याने मिठी मारली आणि चेंडू त्याच्या हातात दिला. सामना संपल्यावर माइकसमोर म्हणाला, "माझे हात यांनी सुधारले." कोचने डोळे पुसले.

मी उठलो.

"बसा खाली," बायको म्हणाली. "टीव्ही आपला आहे."

मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते. तो खाली आला. हातात सरावाचा चेंडू होता.

"हा घ्या, काका."

"नको."

"ऐका तरी. कोण राहणार आणि कोण जाणार, ती यादी कोच लिहितो. तुम्ही नाही लिहीत."

"आणि पपया?"

"पपया मी विसरलो नाही. पण पपयांवर पुढच्या वर्षी संघात राहता येत नाही."

त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, कदाचित आणखी लवकर. हे कळल्यामुळे राग कमी झाला नाही. मी दार लावून घेतलं. आठ-नऊ महिने आम्ही जिन्यावर एकमेकांना फक्त मान हलवून ओळख दिली.

पुढच्या ऑगस्टमध्ये यादी लागली. नाव नव्हतं. यादी त्याच कोचने लिहिली होती. सकाळी फोन आला, सामान घेऊन ऑफिसात ये, आणि दुपारपर्यंत त्याचं काम संपलं. बाद होण्याइतके चेंडू त्याच्या हातून सुटले होते का, हे मी पुण्याच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "नाही हो. एकही नाही. नवीन पोरं स्वस्त पडतात, एवढंच."

घर रिकामं करताना त्याचा सोफा जिन्यावरून खाली आणायला मी मदत केली. दुसरं कुणी नव्हतं. वळणावर सोफा अडकला तेव्हा तो म्हणाला, "काका, चेंडूचं तुमचं बरोबर होतं." मी म्हणालो, "तुझ्या बाजूने उचल." तो मिडवेस्टकडे कुठल्या तरी संघाच्या चाचणीला गेला. जाताना सरावाचा चेंडू आमच्या पायरीवर ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तो उचलला नाही. मग उचलला.

कोचकडचा चेंडू परत मागायला मी संघाला दोन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला उत्तर म्हणून संघाचं कॅलेंडर आलं. म्हणून आता इथे लिहितो. चेंडू दिला होता तो संघातल्या जागेच्या बदल्यात. जागा काढून घेतली, तर चेंडू परत करावा लागतो. हे कुठल्याही बाजारातल्या कुठल्याही गाळेवाल्याला समजतं. मला देऊ नका. त्याला द्या. पुढचं आम्ही दोघं बघून घेऊ.

आणि चेंडू ठेवायचाच असेल, तर कोचने समोर येऊन एवढं सांगावं: त्या उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला तो कुठे होता, आणि त्याने किती पपया फेकल्या?