साहेब म्हणाले, तालीम ठीक है

१९५३ साली, दसऱ्याच्या आधी, भालकीच्या आमच्या गल्लीतला एक मुलगा तालमीत मल्लखांबावरून पडला आणि त्याचा डावा हात मनगटाजवळ मोडला. हाड बसवणाऱ्याने बांबूच्या कामट्या लावून हात बांधला. एवढ्यापुरतं सगळ्यांचं एकमत होतं. यापुढे गल्लीतली कोणतीही दोन माणसं सारखं सांगत नव्हती.

मी तेव्हा हैदराबादेत एका मराठी वर्तमानपत्रात कामाला होतो आणि सणासाठी गावी आलो होतो. घरात थोरली बहीण होती. मी तिला अक्का म्हणत असे, ती मला तम्मा. तिचे यजमान परळीला रेल्वेत होते आणि दिवाळीशिवाय येणार नव्हते. तिचा एकुलता मुलगा त्याच तालमीत जात होता. आदल्या वर्षी तो मोठ्या तापातून उठला, तेव्हा त्याच्या पायांतलं बळ गेलं होतं. भिंत धरून चालायचा. तालमीत जायला लागल्यापासून तो पळू लागला होता. त्यामुळे अक्काचा पेच सरळ होता. धाडावं तर हात मोडण्याची भीती, घरी ठेवावं तर पाय पुन्हा लुळे पडण्याची. तो मुलगा पडल्यापासून भाच्याचा लाल लंगोट अंगणातल्या दोरीवर तसाच वाळत होता. अक्का तो काढून घडी घालत नव्हती आणि भाच्याच्या हातातही देत नव्हती.

"तू पेपरात लिव्हतूस," ती म्हणाली. "धाडू का नको, एवढंच सांग."

"बघून सांगतो."

"बघ की. मला तिथं जाता आलं असतं तर तुला कामून इचारलं असतं?"

तालमीत मारुती होता. बाईमाणसाने ती चौकट ओलांडायची नाही, अशी रीत होती.

वर्तमानपत्रात आम्हाला शिकवलं होतं की आधी पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करावं. म्हणून मी पहिल्यांदा पडलेल्या मुलाकडे गेलो. तो ओसरीवर बसून उजव्या हाताने शेंगा खात होता.

"कसा पडलास?"

"वर होतो," तो म्हणाला. "मग खाली होतो."

त्याच्या आईचं म्हणणं, खांब हलतो. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याचं म्हणणं, खांबाला एरंडेल जास्त चोपडलं होतं, हात निसटला. दुसऱ्या एकाने सांगितलं की पोरगं उलटं होऊन कुणाला तरी वेडावत होतं. यातलं पाहिलेलं किती, हे विचारल्यावर प्रत्येक जण एकाच वाक्यावर येत असे. तालीम सरकारने पास केली आहे.

तालमीसमोर एका शिंप्याचं दुकान होतं. हे वाक्य मूळ त्याचं निघालं.

"बिदरचा साहेब आलता, पावसाच्या आधी," शिंपी म्हणाला. "ह्या समोरच्या अंगणात उभारला आणि म्हणाला, 'तालीम ठीक है.' मी मशीन थांबवून ऐकलं."

"आत गेलता का?"

"आत कशाला जाईल? चपला काढाव्या लागतात."

"गेलता की," दुकानात बसलेला पानवाला म्हणाला. "मी चपला बघितल्या भायेर."

"त्या माझ्या होत्या रं. साहेब बूट घालतोय, येड्या."

पानवाला ऐकायला तयार नव्हता. साहेब आत गेला होता आणि खांबाला हात लावून आला होता, असं तो शपथेवर सांगू लागला. शिंप्याने त्याला विचारलं की तेलाचा हात साहेबाने मग कुठे पुसला. तरी तो म्हणणं मागे घेत नव्हता.

समोरचं अंगण दोघांचं होतं. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला तालमीचा पत्र्याचा टपरा. मधे भिंत नव्हती.

संध्याकाळी मी तालमीत गेलो. आत शेंदूर लावलेला मारुती, कोपऱ्यात मुदगल आणि मधोमध मल्लखांब. शिसवीचा, वर निमुळता होत गेलेला, टोकाला गोल बोंड. मी दोन्ही हात लावून ढकलून पाहिला. हलला नाही. खाली तांबडी माती होती, चाळलेली आणि भुसभुशीत. मी खात्रीसाठी बोटं मातीत घातली. दुसऱ्या पेरापाशी काहीतरी गार आणि सपाट लागलं. दुसरीकडे घातली. तिथेही तेच. माती बाजूला सारली. खाली शहाबादी फरशी होती.

तालीम चालवणारे वस्ताद दारात उभे होते. उतारवयाचे, एकेकाळचे नामांकित पैलवान.

"वस्ताद, मल्लखांबाखाली फरशी कामून?"

"सरकारचा हुकूम हाय. साहेब म्हणाला, फर्श पुख्ता करा, म्हंजे जमीन पक्की करा. गावानं केली."

"मग वर माती?"

"पोरं आली की पसरायची. साहेब आला की लोटायची." ते हे अगदी गंभीरपणे म्हणाले.

"धोका आहे का, सांगा."

"धोका कशात न्हाई? न्हाणीत बी पाय घसरतोय. खांब गट्टी हाय."

"आणि जमीन?"

"जमीन बी गट्टी हाय."

गट्टी हा कानडीतला शब्द. आमच्याकडे मजबूत वस्तूलाही गट्टी म्हणतात आणि दगडासारख्या टणक वस्तूलाही. ऐकणाऱ्याला ते कौतुकच वाटतं. वस्तादांना काय म्हणायचं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

"तुम्ही नको म्हणाला नाहीत?"

"कुणाला नको म्हणू? रझाकाराच्या वक्ताला तालमीला कुलूप व्हतं. पुलिस ॲक्शन झाल्यावर उघडली. आता सरकारचं ऐकलं न्हाई तर फिरून कुलूप. फरशी हाय पण तालीम हाय. तालीम गेली तर पोरं कुठं जायची, तुझ्या पेपरात?"

मी घरी येऊन अक्काला पाहिलं ते सांगितलं. खांब घट्ट आहे. मातीखाली दगड आहे. दगड सरकारच्या सांगण्यावरून आहे.

"सरकार कामून सांगंल पोरं दगडावर टाका म्हणून?"

"ते विचारून येतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या हेडमास्तरांकडे गेलो. साहेबांचा निरोप तालमीच्या पंचांना त्यांनीच दिला होता. ते सोलापूरकडचे. आमच्याकडचं राज्य बदलून उर्दू शाळांच्या जागी मराठी शाळा निघाल्या, तेव्हा नोकरीला आलेले. तिसरीच्या वर्गात ते मुलांबरोबर खालीच बसले होते. जमीन शेणाने सारवलेली होती आणि एका कोपऱ्यात घुशीने उकरलेली होती.

"साहेब काय म्हणाले, शब्दाला शब्द सांगाल?"

"तालीम ठीक है, फर्श पुख्ता करा लो. मी लगेच पंचांना कळवलं."

"ते शाळेबद्दल म्हणत नव्हते ना?"

"छे. शाळा म्हणाले असते तर मी शाळेचं केलं असतं. तालीम म्हणाले."

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. साहेब शाळा तपासणारे, आणि त्यांच्या खात्याचं नावही 'तालीमात' असंच होतं. मी चौथीपर्यंत उर्दूतच शिकलो होतो. तरी शिंप्याच्या तोंडून ते वाक्य ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आखाडाच आला. हेडमास्तरांना मी तालीम शब्दाचा हा अर्थ सांगितला. ते घुशीच्या भोकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पण साहेबांचं तोंड तर तालमीकडे होतं."

हे मी शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, शाळेकडे होतं. पानवाला म्हणाला, साहेब सारखा फिरत होता.

साहेबांनाच विचारावं म्हणून मी रेल्वेने बिदरला गेलो. ते जुन्या अमदानीतले नोकर, नव्या सरकारात तसेच राहिलेले. निवृत्तीला आले होते. घरी भेटले. चहा दिला.

"भालकी की तालीम? हौ, हौ. ठीकच थी," ते म्हणाले. "बच्चे चुस्त थे. उस्ताद भी मेहनती."

मुलं चपळ, उस्ताद मेहनती. शिक्षकालाही उस्ताद म्हणतात आणि वस्तादालाही. मी मल्लखांब शब्द त्यांना समजेल की नाही म्हणून नुसतंच विचारलं, "साहब, खंबा देखे थे आप?"

"खंबे? देखा ना. मज़बूत थे. एक कू दीमक लगी थी, बोला था मैं."

"कौन-से खंबे कू?"

"बरामदे का था शायद. या अंदर का. मियाँ, इत्ते मदरसे देखता हूँ. कोई गिर गया क्या?"

मी सांगितलं की एक मुलगा पडला.

"फर्श पे?"

"फर्श पे."

"इसीच वास्ते बोला था, पुख्ता कराओ," साहेब म्हणाले. मातीच्या जमिनीला खड्डे पडतात, मुलं अडखळतात, असं त्यांनी मला समजावलं. पत्र्याच्या टपऱ्यात आपण गेलो होतो का, हे त्यांना आठवत नव्हतं. गेलो नव्हतो, असंही ते सांगू शकले नाहीत.

मी बिदरला गेलो होतो तेव्हा माझ्याकडे एक शंका होती. परतलो तेव्हा दोन होत्या. फरशी आणि वाळवी.

अक्का दारात वाट बघत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "म्हंजे सरकारनं बघितलंच न्हाई?"

"बघितलं की नाही, ते सरकारला माहीत नाही."

"आणि वाळवी?"

"कुठल्या तरी खांबाला आहे."

"कुठल्या तरी!" ती म्हणाली. "चार बुकं शिकून हेच सांगायलास व्हय तम्मा? हे तर शिंपी बी सांगतोय."

ती उठून पडलेल्या मुलाच्या आईकडे गेली. तिथून आणखी बाया निघाल्या आणि तालमीच्या अंगणात येऊन चौकटीबाहेर उभ्या राहिल्या. आत कुणी गेलं नाही. वस्ताद बाहेर आले. मी त्यांना साहेबांचं बोलणं सांगितलं.

"म्हंजे हुकूम शाळेला व्हता?"

"बहुतेक."

"बहुतेकावर मी फरशी काढू? उद्या साहेब आला तर तू उभा राहशील म्होरं?"

यावर हेडमास्तर पुढे आले. त्यांना तिसरीच्या वर्गाला फरशी हवीच होती. साहेब आले तर पुख्ता फर्श दाखवू, असं ते म्हणाले. दाखवायला कुठे तरी असली म्हणजे झालं.

फरशी निघाली आणि अंगण ओलांडून शाळेत गेली. ती काढताना खांबाच्या बुडापाशी उकरावं लागलं, आणि उकरल्यावर खांब हलला. मग तो पूर्ण वर काढला. अंगणात आडवा घातला आणि सगळ्यांनी बुडाकडे पाहिलं. पुरलेला भाग डांबराने काळा होता. वाळवी नव्हती. शाळेच्या ओसरीचे खांब तासून पाहिले. त्यांनाही वाळवी नव्हती. साहेबांनी पाहिलेली वाळवी भालकीची नव्हतीच, असं हेडमास्तर म्हणाले. पानवाला म्हणाला, ती वाळवी साहेबाला बघून पळाली.

खांब पुन्हा पुरला. खड्ड्यात दगड ठोकून भरले आणि वर माती खणून भुसभुशीत केली. वस्तादांनी खांब ढकलला आणि म्हणाले, गट्टी हाय. शिंप्याने ढकलला आणि म्हणाला, जरा हलतोय. मी ढकलला. मला हलल्यासारखा वाटला आणि पुन्हा ढकलल्यावर वाटला नाही. नवा पुरलेला खांब माती बसेपर्यंत असाच वाटतो, असं वस्ताद म्हणाले. मुलगा फरशीमुळेच जायबंदी झाला की नुसती माती असती तरी झाला असता, हे कुणी सांगू शकलं नाही.

"मग धाडू का?" अक्काने चौकटीबाहेरून मला विचारलं.

मी सांगितलं की फरशी नाही, वाळवी नाही, खांबाचं नक्की सांगता येत नाही.

तिने चपला काढल्या आणि चौकट ओलांडली. मागच्या बायांमधून कुणीतरी "अगं" म्हणालं. वस्ताद मारुतीकडे तोंड करून उभे राहिले. अक्का खाली बसली आणि तिने मातीत हात घातला. बांगड्या मातीआड गेल्या. हात काढून तिने दुसऱ्या बाजूला घातला. तिथेही तेवढाच गेला. मग ती उठली आणि तिने खांबाला तळवा लावून सगळ्या अंगाने ढकललं. पदराला तेल पुसत ती बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हैदराबादच्या गाडीला निघालो. अक्का चुलीपाशी होती. दोरीवर लंगोट नव्हता. भाचा घरात नव्हता.