मागचं डावं चाक

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवलं. शिकवलं म्हणजे पाना कसा धरायचा याचं तोंडी वर्णन केलं. घरातला नळ गळायला लागला की ते मला गळतीची चार कारणं समजावून सांगत आणि मी प्लंबरला फोन करी. शाळेतली पोरं त्यांना 'सूचना सर' म्हणत, कारण वर्कशॉपच्या भिंतीवर त्यांनी लाल रंगात एकोणीस सूचना रंगवून घेतल्या होत्या. विसावीला भिंत पुरली नाही, याची खंत त्यांना अजून आहे.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्याच फाटकाच्या खांबाला गाडी घासली. खांब मध्ये आला, असं त्यांचं म्हणणं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं निराळं होतं आणि त्यांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. त्या दिवशी ह्यांनी गाडी शेडमध्ये लावली, दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला आणि घरात येऊन पेपर उघडला. गाडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

निघाला तो माझ्या ताईमुळे. ताई पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिच्या गावी जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात, आणि दुसरी बस आपल्या मर्जीची मालकीण. जरा टेकते न टेकते तोच परतीची वेळ व्हायची. "लगेच निघालीस?" ताई दर वेळी विचारायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी अठ्ठावन्नाव्या वर्षी, भाजीला जाते असं सांगून मी ड्रायव्हिंग स्कूल लावलं. दोन महिने आमच्या घरी भाजी फार उशिरा येत होती, पण सूचना सरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. लायसन्स मिळालं तेव्हा सरळ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते चष्मा वर करून वाचलं, खाली करून वाचलं. "फोटो बरा आलाय," म्हणाले.

"रविवारी ताईकडे गाडी घेऊन जाणार मी."

"गाडी हलणार नाही. मागचं डावं चाक धरलंय."

खरंच धरलं होतं. तीन वर्षं ओढून ठेवलेल्या हँडब्रेकने आतले ब्रेकचे पट्टे गंजून ड्रमला, म्हणजे चाकामागच्या लोखंडी डब्याला, चिकटले होते. मी मेकॅनिकचा नंबर शोधायला लागले, तर साहेबांचा पारा चढला.

"बत्तीस वर्षं काय गवत उपटत होतो मी?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण घरात शांतता हवी म्हणून दिलं नाही.

गुरुवारी शुभारंभ झाला. त्यासाठी जुनी पँट इस्त्री करून घेतली गेली. पुढच्या चाकांना विटा, मागे जॅक, जमिनीवर पेपर, पेपरवर सगळे पाने उंचीप्रमाणे. चाक उतरलं, ड्रमच्या कडेने तेल सोडलं, मग हातोडी. ठक, ठक, आणि मान वाकडी करून ऐकणं. ड्रम ढिम्म. "तेल मुरायला वेळ लागतो," अशी घोषणा झाली. गाडी रात्रभर जॅकवर ठेवायची नाही ही सातवी सूचना, म्हणून संध्याकाळी चाक लावून गाडी पुन्हा खाली. शुक्रवारी तेच, फक्त तेल जास्त आणि आवाज मोठा. शेजारच्या पोस्टमास्तरांनी कुंपणावरून विचारलं, "काय सर, खोदकाम काढलंय का?" ह्यांनी पुढचा ठोका आणखी जोरात घातला.

शनिवारी सकाळी जॅक लागल्यावर मी फडकं घ्यायला गाडीत वाकले. हँडब्रेकचा दांडा वर होता. पूर्ण वर, ताणून.

म्हणजे बाहेरून हे ठोकत होते, आणि ज्या पट्ट्यांनी ड्रम सोडावा म्हणून ठोकत होते, त्यांनाच हा दांडा आतून दाबून धरत होता!

"अहो, हा कुणी ओढला?"

"मी. जॅक लावण्याआधी हँडब्रेक ओढायचा. पहिली सूचना आहे ती."

"आणि त्याच ब्रेकचा ड्रम काढायचा असेल तर?"

ते हातोडी पुसायला लागले. मला हसू आवरेना. ही गंमत ताईला कशी रंगवून सांगायची, हेही मी मनात जुळवायला लागले होते.

"परवा सवयीनं ओढला," ते म्हणाले. "काल संध्याकाळी लक्षात आलं."

"आणि आज सकाळी?"

"आज माहीत असून ओढला."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. राग आला, चांगलाच आला. तिकडे ताई दाराकडे डोळे लावून पडलेली, आणि हा माणूस इथे नाटक करतोय!

"अगं, चाक सुटलं की तू जाणार," ते हातोडी पुसत म्हणाले. "आणि नेणारा मी नसणार."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. इतकं सरळ वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. भांडायची माझी जय्यत तयारी झाली होती, ती तशीच वाया गेली. मी स्टिअरिंगमागे बसले आणि दांडा खाली केला.

"मारा आता."

त्यांनी ड्रमच्या मागून स्क्रू फिरवून पट्टे सैल केले, मग बेताने चार ठोके घातले. आत काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला आणि ड्रम सुटून त्यांच्या हातात आला, मांडीवर तांबडी भुकटी सांडत. दुपारभर ते गंज घासत बसले, मग नवी बॅटरी बसवली. चाक बसवल्यावर मला गल्लीत पाच वेळा ब्रेक दाबायला लावला, तेव्हा कुठे समाधान झालं.

रविवारी मी गाडीचं माझ्या शेजारचं दार उघडलं. "बसा."

"नको. शेजारी बसलो तर मला राहवणार नाही. तुला गडबडायला होईल."

"मग मागे बसा."

खरंच मागे बसले. ताईसाठी घेतलेली पिशवी मांडीवर, गुडघे जुळवून. चाळीस किलोमीटर. एका ट्रकला मी अगदी खेटून गेले, दोनदा गिअर चुकला, भर चौकात गाडी बंद पडली आणि मागच्यांनी हॉर्नचा सपाटा लावला. मी आरशात पाहिलं. ज्या माणसाने दूध कसं तापवायचं तेही मला शिकवलं, तो खिडकीबाहेर बघत गप्प बसला होता. ताईच्या दारात गाडी थांबेपर्यंत त्यांनी एकदाही "सावकाश" म्हटलं नाही. म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.